नावाआधीचं अक्षर

परंड्याच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक आत्या आणि तिची भाची बसली होती.

"शिवांजली, सारखं घड्याळ का बघायलीस गं? नोकरी तर जाहिरात कंपनीत ना तुझी?"

"व्हय. अकाउंट एक्झिक्युटिव्ह. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते डिझायनरला सांगायचं, त्यानं केलेलं गिऱ्हाइकाला दाखवायचं. चूक कुणाचीबी असू दे, दारात मलाच उभं राहावं लागतंय."

"आज कुणाच्या दारात?"

"साडीवाल्या वीरप्पांच्या. दुकानाला पन्नास वर्षं झाली म्हणून चौकात मोठा बोर्ड लागलाय. त्यांच्या पोरानं वीरप्पांचा फोटो पाठवला, गळ्यात हार घातलेला."

"सत्काराचा असंल."

"मला वाटलं, ते गेले. मीच नावाआधी 'कै.' लिहून दिलं."

"अगं बाई! जित्या माणसाला? पोरानं बघितलं न्हाय?"

"न वाचताच 'ओके' धाडलं. सकाळपासून लोक दुकानात सांत्वनाला यायलेत."

"आन् वीरप्पा?"

"घरी हायत. कुणी सांगितलं न्हाय त्यांना. चारला चौकात चहाला येत्यात. त्याआधी बोर्ड उतरवायचाय."

"तुझा फोन वाजायलाय. पोराचा असंल, उचल."

"आत्या... वीरप्पांचा हाय."