फोनोला एरंडेल

आक्काची सोयरीक एरंडेलामुळे जमली म्हटलं, की लोक भलतंच समजतात. तसं नाही हो, ऐका.

आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरी चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, होता. तबकडी ठेवायची थाळी फिरताना कुईकुई करायला लागली. शहाद्याच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, थाळी उचला आणि खालच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. एकच.

आमचे वडील बापू चिडलेच. "एक थेंबमा काय व्हस? गाडानं चाक काय नि हाई चाक काय, जे फिरस त्याले तेल लागसच!" आणि बैलगाडीच्या आसाला घालायचं, काजळी कालवलेलं एरंडेल त्यांनी दांड्यावर चांगलं अर्धी वाटी ओतलं.

कुईकुई गेली. दुसऱ्याच दिवशी सारंगखेड्याचे पाहुणे आक्काला बघायला आले. थंडी कडाक्याची, त्यात एरंडेल घट्ट झालेलं. बापूंनी ऐटीत बाईच्या आवाजातलं भजन लावलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच थाळी मंदावली आणि बाईचा आवाज घोगरा, पुरुषी झाला.

मुलाचे वडील चमकले. "हाऊ कोन गाई ऱ्हायना?"

"बाई थकनी व्हई," बापू शांतपणे म्हणाले. "आते तिना धनी गाई ऱ्हायना."

आक्काच्या हातातल्या कपबश्या हसण्याने खुळखुळल्या. तेवढ्यात थाळी थांबलीच.

"त्यामा टाकं काय व्हतं तुम्ही?" पाहुण्यांनी विचारलं.

बापूंनी कपाळाला हात लावला. "एरंडेल! एरंडेल पीसन मानूस परसाकडे पळत सुटस, पाव्हना. हाई बाई मातर बसी गई!"

पाहुणे पोट धरून हसले आणि सोयरीक पक्की करूनच उठले.