गुलाबी डोंगर

आमचं मूळ गाव परभनीकडचं, पन ते आता नावालाच, बाप दगडाच्या खानीवर कामाला, तिथनं मी फौजेत गेलो आन् फौजेतनं जायबंदी होऊन हितं खारघरला, ह्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन. काय सांगू ताई तुमाला, लढाईत उजव्या हाताची दोन बोटं गेली ती गेली, पन डोक्यात आवाज राहिला, लग्नाच्या वरातीत फटाका वाजला तरी मी टेबलाखाली, माझ्या बायकोनं, मंदानं, लई सोसलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हनल्या, हात चालता राहिला पायजे, ब्रश धरा. धरला. पुठ्ठ्यावर, पत्र्यावर, मिळंल त्याच्यावर डोंगर काढायचो, एकच डोंगर, जिथं माझा जोडीदार माझ्या बाजूला पडला तो. तिथं गवताची काडी नव्हती ताई, दगड राखेच्या रंगाचा, आभाळ तसंच, आमची तोंडं बी तशीच. तसाच काढायचो तर हात थरथरायचा. एकदा चिडून गुलाबी लावला, मंदाची लग्नातली साडी व्हती तसा, आन् थरथर थांबली. मंग पिवळं आभाळ, निळी झाडं, नारिंगी पाऊलवाट, मंग मी ऐकतोय व्हय कुनाचं.

यंदा सोसायटीवाले म्हनले, काका, तुमी फौजी, सव्वीस जानेवारीला गेटजवळच्या भिंतीवर लढाई काढा, रनगाडा, बंदुका, रंग आमचा. मी हो म्हनलो आन् माझा डोंगर काढला, अर्धी भिंत. सेक्रेटरी आले, म्हनले, ह्यात लढाई कुठंय, आन् डोंगर कधी गुलाबी असतो का. मी म्हनलं, साहेब, त्या डोंगरावर मी व्हतो, तुमी नव्हता. ते म्हनले, मीटिंगमध्ये ठरलंय, पांढरा मारनार, आन् तुमच्या नोकरीचं बी बघू. मंदा म्हनली, माफी मागून मोकळे व्हा, ह्या वयात दुसरं काम कोन देनार. मला भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू. पन माफी कशाची मागू, तिथं मेलेल्या मानसाच्या उशाला रंग दिला त्याची?

आज सकाळी पेंटर आला, डबा खाली ठिवून नुस्ता उभा राहिला, म्हनला, काका, मन व्हत नाय ओ. मीच त्याला शिडी आनून दिली. म्हनलं, मार बाबा, पन चांगले दोन हात मार. पांढऱ्यावर गुलाबी लई उठून दिसतो, आन् ह्या टायमाला मला पुरी भिंत लागनार हाय.