रत्नाचा पाय कुणी मोडला

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. खोटं बोललं की भांडणं लागतात, हे तुम्हा-आम्हाला पाठ आहे — त्यात आपण सगळे पदवीधर! पण खरं बोलून? एक अक्षर खोटं न बोलता, सहा वर्षांच्या पोरीनं अख्खं गाव पेटवावं — असं होईल का हो? काका, मान हलवू नका! तुम्ही झोपेत हलवताय!

तर गावाचं नाव फुफाटेवाडी. त्या गावात दगडू पैलवान. मान अशी, की डोक्याखाली ती कुठं सुरू होते ते सापडत नसे! आणि या डोंगराएवढ्या माणसाची मुलगी — रत्ना. एवढीशी! चिमणीनं पंख झटकला तर उडून जाईल अशी.

शाळेतल्या भोगलेबाई पैलवानाच्या दारात गेल्या. "रत्नाला पहिलीत पाठवा."

पैलवान म्हणाला, "पाठवतो. पण बाई, माझ्या पोरीला कुणी बोट लावलं, तर शाळेला कुलूप ठोकीन! आन् पोरगी कायमची शेळ्यांमागं!"

बोला आता! त्या पोरीचं सगळं शिक्षण एका बोटावर टांगलेलं! बाई बिचाऱ्या वर्गात हात पाठीमागं बांधूनच हिंडायच्या.

आता वर्ग बघा. भिंतीवर तक्ता. क कमळाचा, त तलवारीचा, न नळाचा! आपणही असंच शिकलो ना? माझ्या शेजारचा एक जण तर पाटीवर 'कप' बघून मोठ्यानं वाचायचा — "कमळ-पतंग!" आज तो सोसायटीचा चेअरमन आहे. असो! त्याचं नाव घेत नाही, तो पुढंच बसलाय.

त्या दिवशी बाईंनी जोडाक्षर काढलं. म्हणाल्या, आपल्या वर्गातलंच नाव घेऊ. फळ्यावर लिहिलं — रत्ना. आणि विचारलं, "मुलांनो, यातला त कुणाचा?"

पोरं ओरडली, "तलवारीचा!"

"त्याचं काय करायचं?"

"पाय मोडायचा!"

"शाब्बास! आणि चिकटवायचा कुणाला?"

"नळाला!"

"मग नळाच्या न ला काय द्यायचं?"

"काना!"

झालं! रत्ना तयार! यात चुकलं काय? काही नाही. अक्षराची उभी काठी काढली की त्याला पाय मोडणं म्हणतात, हे तुमच्या-माझ्या बाईंनीही सांगितलंय.

पण मधल्या सुट्टीत रत्नाच्या शेजारी बसणारी छबू घरी पळाली. आईनं सहज विचारलं, "काय गं छबे, आज काय शिकवलं?"

छबू म्हणाली, "बाईंनी रत्नाचा पाय मोडला!"

आईच्या हातातली भाकरी तव्यावर उलटी पडली. "क-कशानं गं?"

"तलवारीचा हुता! मोडला, न् नळाला चिकटवला!"

"अगं बया! आन् मग?"

"मग काना दिला!"

आई किंचाळली, "कानाखाली दिला?"

आता सांगा मंडळी! छबूचा एक तरी शब्द खोटा होता का? नव्हता! पण आई थांबली का? "कोणता पाय गं बाळा?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? तिनं पदर खोचला आणि निघाली. भाकरी तव्यावरच! ती भाकरी पुढं कुणी खाल्ली नाही, एवढं मात्र नक्की.

विहिरीवर बातमी पोचली — बाईंनी तलवारीनं पाय तोडला. पारावर पोचली — दोन्ही तोडले. चक्कीपाशी पोचेपर्यंत — तीन! अहो, पोरीला पायच दोन! पण चक्कीच्या आवाजात हिशोब कोण करतो? नाना हाडवैद्य तेलाची बाटली घेऊन धावले. वाटेत एकानं विचारलं, "नाना, नळापासनं पाय सोडवायला पाना नको का?" नाना मागं फिरून पाना घेऊन आले!

आणि दगडू पैलवान? तो काही बोललाच नाही. घरात गेला, वीतभर कुलूप घेतलं आणि चालू लागला. मंडळी, ओरडणाऱ्या पैलवानाला भिऊ नये. गप्प पैलवान दिसला की मात्र गल्ली बदलावी.

सगळं गाव शाळेच्या फाटकाशी आलं. आणि समोर काय दिसावं? अंगणात रत्ना — एका पायावर! टुण् टुण् टुण् टुण्!

"माझी पोर लंगडतीया!" पैलवानानं टाहो फोडला. तो माणूस, ज्यानं आखाड्यात कधी 'आई गं' म्हटलं नाही, तो ढसाढसा रडायला लागला हो! मला त्याचं हसू येत नाही. बापाचं काळीज आहे ते.

नाना हाडवैद्य झेपावले. रत्नाचा वर दुमडलेला पाय धरला, तेल ओतलं आणि ओढायला लागले खाली!

रत्ना ओरडली, "नाना, सोडा! पाय टेकला तर मी बाद हुईन!"

"बाद?"

"लंगडी खेळतोय आम्ही! माझ्यावरच डाव हाय!"

बघा, काय दृश्य! एका बाजूला रडणारा पैलवान, मध्ये तेलानं निथळणारी पोर आणि भोवती पाना, काठ्या, कुलूप घेतलेलं गाव. बाई बाहेर आल्या. खडूनं माखलेले हात अजून पाठीमागंच!

पैलवान कडाडला, "कुठाय तलवार?"

बाईंनी सगळ्यांना वर्गात नेलं आणि भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट केलं. "ही."

"नळ कुठाय?"

"तिच्याच ओळीत, शेवटी."

"मग पाय कुणाचा मोडला?"

बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं. "त चा. हा असा सरळ उभा राहिला, तर न ला जवळ घेता येत नाही. तुमच्या मुलीचं नाव मग 'रतना' होतं."

पैलवान म्हणाला, "मग आम्ही रतनाच म्हणतो की!"

गाव हसलं. बाईसुद्धा! पैलवान मात्र फळ्याजवळ गेला. त्या अर्ध्या त कडं निरखून बघितलं. मग हळूच म्हणाला, "बाई... त्याला दुखत नाही नव्हं?"

तेवढ्यात रत्ना पुढं आली. फळ्यावर बोट ठेवलं. "र... त्... ना. आबा, ही मी!"

मंडळी, नांगी टाकली पैलवानानं! कुलूप बाईंच्या हातात दिलं, किल्लीसकट. म्हणाला, "शाळा सुटल्यावर लावत जा. शेळ्या शिरतात. आन् रतना — रत्ना — उद्यापास्नं वेळेवर येईल."

मग लोक वळले कुणाकडं? छबूकडं! "खोटारडे!" आता काय म्हणावं या लोकांना? लेकरू खरंच बोललं होतं. अहो, गाव पेटलं ते तिच्या बोलण्यानं नव्हे. तिच्यापर्यंत खाली वाकून "कुणाचा गं पाय?" एवढं विचारायला कुणाचा गुडघा वाकला नाही, म्हणून पेटलं. जो तो ताठ! ताठ माणसाला ऐकू कमी येतं आणि कळतं लगेच.

हसताय? हसा! आणि आता आपापल्या घरी या जरा. भावाशी बोलणं बंद आहे ना? कुणीतरी काहीतरी सांगितलं म्हणून? विचारलंत त्याला? नाही विचारलंत. मागल्या रांगेतले का बरं एकदम चपला शोधायला लागले?

हातावर बोटानं लिहा माझ्याबरोबर. लिहा — 'मी'. बघा, सोपं! म आपल्या काठीवर ताठ उभा, कुणाचा आधार नाही, कुणाला आधार नाही. आता लिहा — 'आम्ही'. काय करावं लागलं? त्याच म ची काठी काढून घेतली, पाय मोडला, आणि तो ह ला टेकला!

ज्यांच्या घरात नुसतेच 'मी' उभे आहेत, त्यांनी आज घरी जाऊन एकाचा तरी पाय मोडावा. स्वतःचा हं, बायकोचा नव्हे! बोला, हरी हरी!