ऋतुजाच्या चपला

माझे नाव मोहिनी अभिमन्यू देशमाने, वय ६४ वर्षे, धंदा: सेवानिवृत्त परिचारिका, रा. गेवराई, जि. बीड.

आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, पडक्या विहिरीत प्रेत आहे हे मला कसे कळले असे विचारल्यावरून, खरे ते सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती हयात नाहीत. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाला आमच्याकडे पायाळू म्हणतात आणि जमिनीखालचे पाणी त्याच्या पायांना कळते असे मानतात. लहानपणी विहिरीची जागा दाखवायला गावातले लोक मला शेतोशेत अनवाणी फिरवत. पाणी असेल तिथे माझ्या तळव्यांना गार लागे. पुढे आईने मला जालन्याला नन्सच्या शाळेत, वसतिगृहात घातले. तिथे सिस्टर फिलोमिना म्हणत, "मोहिनी, गार लागतं ते फरशीमुळे. मोजे घाल." त्यांनी विणून दिलेले मोजे विरेपर्यंत मी वापरले. त्या शाळेत मला कोणी काही शोधायला सांगितले नाही. हा मजकूर तपासाशी संबंधित नाही असे साहेब म्हणाले, परंतु तो लिहून घ्यावा अशी मी विनंती केली.

दवाखान्यात नोकरीला असताना हरवलेल्या माणसांचे नातेवाईक त्यांच्या चपला घेऊन माझ्याकडे येऊ लागले. बहुतेक वेळा मला काही कळत नसे. दोन वेळा चपला हातात घेताच पायांचे तळवे गार पडले. ती दोन्ही माणसे पुढे पाण्यात मयत मिळून आली. तेव्हापासून मी येणाऱ्यांना नाही म्हणत आले. मी कोणाकडून कधीही मोबदला घेतलेला नाही.

छबुबाई सटवा कोकरे यांना मी ओळखते. त्या मेंढ्या राखतात. त्यांची वस्ती गोदावरीच्या काठाला आहे. त्यांची मुलगी ऋतुजा, वय १९, ही दिवाळीनंतर कॉलेजला म्हणून गेली ती परत आली नाही. तशी नोंद याच ठाण्यात आहे. मागील महिन्यात छबुबाई तिच्या जुन्या चपला पदराखाली घेऊन माझ्या घरी आल्या. मी नकार दिला. त्या म्हणाल्या, "तुमी लई शिकल्याल्या, तुमाला पटत न्हाई, ठाव हाय मला. पण ताई, पायाला कुठं शाळा असतीय?" मला हसू आले. त्याही हसल्या. हसता हसता त्यांनी चपला माझ्या मांडीवर ठेवल्या.

माझे तळवे गार पडले. छबुबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी चहा टाकते म्हणून आत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "हाय ना जिती?" मी होय म्हटले नाही. नाही असेही म्हटले नाही. त्यांनी चहा घेतला आणि आणखी अर्धा कप मागितला.

त्यांच्या वस्तीजवळ बिनवापराची पडकी विहीर आहे. दुसऱ्या दिवशी मी एकटी तिथे गेले व चप्पल काढून काठावर उभी राहिले. तळवे इतके गार पडले की मला खाली बसावे लागले. तिथून मी सरळ या ठाण्यात आले आणि विहीर उपसून पाहावी असे सांगितले. हवालदार भागवत म्हणाले, "मॅडम, आमच्या क्वार्टरला बोअरचा पॉइंट बी दाखवून जा." परंतु त्यांनी माझे म्हणणे साहेबांच्या कानावर घातले.

विहीर उपसली तेव्हा मी हजर होते. सगळी वस्ती जमली होती. गाळातून माणसाची हाडे व कमरेचा पट्टा निघाला. डॉक्टरांनी जागेवर पाहून सांगितले की हा पुरुष असून मृत्यूला काही वर्षे झाली असावीत. छबुबाई मोठ्याने ओरडल्या, "गडी हाय! माझी न्हाई!" त्यांनी दुकानातून साखर आणून जमलेल्यांच्या हातावर ठेवली. हवालदारांनी घेतली नाही. माझ्या हातावर ठेवलेली मी खाल्ली. मयतावर तोपर्यंत कोणी कापड टाकले नव्हते.

सदर मयत कोण आहे हे मला माहीत नाही. त्याच्या मृत्यूशी माझा काही संबंध नाही. त्याला शोधायला मी गेले नव्हते.

ही बातमी पसरल्यापासून लोक माझ्या ओट्यावर चपला-बूट घेऊन बसतात. नांदूरघाटचे निवृत्ती नावाचे वृद्ध गृहस्थ मुलाचा एक बूट घेऊन आले. ते म्हणाले, "त्यो माझा पवनच हाय म्हणा, ताई. लई वर्सं झाली. माती तरी देऊ द्या." मी बूट बराच वेळ हातात धरला. मला काही कळले नाही. तसे सांगताच ते म्हणाले, "तिच्या लेकीचं कळतंय, मग माझ्या लेकराचं कावून न्हाई?" छबुबाई आपली लेक जिवंत असल्याचे मी सांगितले असे सर्वांना सांगतात, हे मला तेव्हा समजले. निवृत्ती यांचे रक्त तपासणीसाठी घेतल्याचे ऐकते. हाडे त्यांच्या मुलाची निघावीत असे मला वाटते.

छबुबाईंचे म्हणणे असे की, आसपासच्या उरलेल्या सगळ्या विहिरींवर मी उभे राहावे, म्हणजे ऋतुजा त्यांत नाही हे एकेक करून पक्के होईल. माझ्या पायांना आता काही कळत नाही, असे मी त्यांना सांगितले आहे. ते खोटे आहे. ऋतुजाच्या चपला त्यांनी माझ्याकडेच ठेवल्या आहेत. त्या हातात घेतल्या की तळवे आजही गार पडतात. ती कोणत्या पाण्यात आहे ते कळत नाही. नदीच्या काठाने मी अनवाणी चालून पाहिले. तिथे सगळीकडेच गार लागते.

छबुबाई आत्ता बाहेर बाकावर बसल्या आहेत. माझी चौकशी चालली आहे म्हणून त्यांनी माझ्यासाठी भाकरी बांधून आणली आहे. जबाबातील वरील भाग त्यांना कळू नये अशी माझी विनंती आहे. मग त्यांना कोण सांगणार, असे साहेबांनी विचारले.

माझा जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे. माझ्या विनंतीवरून तो दार लावून, हलक्या आवाजात मला वाचून दाखवला. तो खरा व बरोबर आहे.