वावरात गेलेले बासष्ट जण

हसू नका, पण कॉम्प्युटर शिकवण्यात जन्म घालवलेल्या माझ्या हातून एकदा अकोटच्या एका जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातल्या, बासष्ट कामगारांची नोकरी गेली होती. कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर मी त्यांच्या कामाला जुळवून देत होतो. त्यात मुळातच एक नियम होता: कोणी आठ दिवस आला नाही, तर नोकरी संपवायची आणि मोबाइलवर तसं कळवायचं. तो बदलायचं मी विसरलो. पावसाळ्याच्या तोंडावर कापूस संपून जिनिंग बंद झालं आणि आठव्या दिवशी सगळ्यांना मेसेज गेले.

दोन वर्षं घरची कपाशी बुडालेली, त्या कामगारांच्या घरांना जिनिंगचाच आधार. अमरावतीहून एसटीनं निघालो, ते मनात माफीनामा लिहीतच.

गेटवर मुकादम सलीमभाई बसले होते.

"सलीमभाई, मेसेज आले का हो लोकांना?"

"आले ना. सगळ्यायले आले. खूश हायेत."

"खूश?"

"दरसाल मीच घरोघरी सांगत फिरतो, जिनिंग बंद झालं, वावरात जा, पेरणीले लागा. यंदा मोबाइलनं सांगितलं. पण सर, एवढे शिकलेले तुमी, नोकरी संपली असं काहून लिहून राहिले? दसऱ्याले येतेच ना सारे!"

मी आधी बाकावर बसलो, पाणी प्यायलो. मग तो नियम काढून बासष्ट नावांपुढे नवा शेरा घातला: 'वावरात गेला, दसऱ्याला येईल.'

दसऱ्याला गेटवर उभं राहून मी माणसं मोजली. बासष्ट भरली. तरी सलीमभाईंना पुन्हा मोजायला लावलंच.