शनिवारचे पन्नास रुपये

‘भावनाचं सारं कर्ज चर्चनं भरून टाकलं, अन् आता ती—’ एवढंच आलं पाहा मले गिरणीवर ऐकू, तं तेवढ्यात जयवंतानं गिरणी सुरू केली. पुढचं सारं पिठात गेलं. बसा ना बाई, उभ्या काऊन? चहा ठेवलाय मी — नाई कसं म्हणता, भावना तं दोन कप घेते. फाटक वाजलं तं मले वाटलं तीच आली, आज शनिवार ना. पण तुम्ही पिशवीतून वही काढली अन् मी ओळखलं, ह्या चर्चच्या बाई. रविवारी प्रार्थना झाली की मागच्या खोलीत बसता म्हणे सारे, कोणाचं किती देणं हाय ते लाज न धरता लिहिता, नवऱ्यापासून लपवलेलं असलं तरी. मी म्हटलं, भावना, देवापुढं असे आकडे घेऊन जातात होय? तं म्हणे, मावशी, देवाले पहिलेच माहीत होतं, मलेच माहीत नव्हतं.

आता खरं सांगा, चर्चनं भरलं का? — एक रुपया नाई? मग? — हां, तुम्ही नुसत्या सोबत गेल्या. फायनान्सवाल्या साहेबाजवळ, सोनाराजवळ, तिच्या बाजूले बसून हप्ते बांधून घेतले. अन् पैसे तिनंच भरले, सावंगीच्या मेसमध्ये पोळ्या लाटून. पाहा, अन् सारं देवळी गाव काय बोलून राह्यलं.

माह्यं काय, माह्यं तं सहाशेच होतं. पोरीच्या दवाखान्यासाठी नेलते तिनं. दोन महिन्यांत सारेच्या सारे घेऊन आलती — मीच म्हटलं, एकदम कायले, दर शनिवारी पन्नास दे. तिले वाटलं, मावशी किती समजदार. समजदार कायची! माह्या पोराचा, नीलेशचा फोन येते तो दिवाळीले. ही शनिवारी यायची, नोट साखरेच्या डब्याखाली ठेवायची अन् मग तासभर — काय बोलायचो? काहीच नाई. मेसमधली भाजी खारट झाली, माह्या गुडघ्यात कळ आली, असंच. पैसे संपायले आले तं मीच तिले आणखी दोनशे दिले, जबरदस्तीनं, साडी घे म्हणून. हे वहीत लिहू नका बरं तुम्ही. — लिहिलंय? तिनंच?

हं. अन् हे पाकीट तिनं तुमच्याजवळ दिलं, शेवटचं. मग ती स्वतः काऊन नाई आली? — सावंगीलेच खोली घेतली. कवा? — म्हणजे गिरणीवरचं ते पिठात गेलेलं अर्धं तं खरंच निघालं. नाई, बरोबर हाय तिचं. पहाटे पाचले कणीक मळा लागते, तवा बस कुठं असते.

सही कुठं करू? थांबा, चष्मा घेते. किराणावाला, सोनार, फायनान्स — साऱ्यांवर रेघ. अन् माह्यं नाव, आनंदाबाई, एकदम खाली? लहान देणं पहिले संपवा, असंच शिकवता ना तुम्ही? सगळ्यात लहान तं माह्यंच होतं. — तुम्ही सांगतलं तिले? दोनदा? मग ती काय म्हणे?

— ‘मावशीचं राहू द्या शेवटी.’

द्या तो पेन इकडं.

घ्या, झाली सही. चहा ठेवा तो, गार झाला. निघा आता, तुमची बस जाईल. अन् फाटक नुसतं ओढून घेजा, कडी लावू नका. शनिवारी मी कडी उशिरा लावते.