भावकीचा मान

द्वारका चौकात एक सासू-सून सिन्नरच्या बसमध्ये चढल्या नि सिंधुबाईंच्या पुढच्या बाकावर बसल्या. चोरून ऐकायची सिंधुबाईंना खोड नव्हती, पण कान काही घरी ठेवून येता येत नाहीत.

“आत्याबाई, क्रूझवरून किनाऱ्यावर एकच दिवस उतरायचंय. टॉवेल, टोपी, पाण्याची बाटली. बस.”

“अन् नारळ, खण?”

“तिथं कशाला?”

“आपली गोदामाई समुद्राच्या घरी दिलीय. लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं जात्यात का?”

“गोदावरी पलीकडच्या समुद्राला मिळते. आपण अलीकडच्या समुद्रावर चाललोय.”

“मग ती भावकी झाली. भावकीचा मान आधी करावा लागतो, नायतर रुसत्यात.”

“पिशवीत जागा नाही हो.”

“तुझा जाडा टॉवेल काढ. माझं लुगडं वाऱ्यावर घटकाभरात वाळतं.”

सुनेनं मोबाइलमधल्या यादीतला टॉवेल खोडला.

“खण हिरवा घेऊ का लाल?”